एका एलचा आळ

“अमिताताई, लवकर या! बाबा दादाला घराबाहेर काढतायत!”

माळावरून आलेला अपेक्षाचा फोन ठेवताच अमिताने स्कूटर काढली. आग तिनेच लावली होती. पोलादपूरच्या तिच्या कॉम्प्युटर सेंटरमधून अपेक्षाने मुंबईच्या नर्सिंग कॉलेजचा अर्ज भरला होता. प्रवेश मिळालाही, पण गुरुवारी कुणीतरी तो रद्द केला. सेंटरच्या ईमेलवर आलेल्या मेसेजात ‘कॅन्सल्ड’ला एकच एल होता. कॉलेजची साइट ज्या फोनवर उघडाल त्याच्याच सेटिंगच्या इंग्रजीत मेसेज पाठवायची, आणि इथले फोन ब्रिटिश, दोन एलवाले. “हा अमेरिकन सेटिंगचा फोन दिसतोय,” अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली अमिता अपेक्षाच्या बाबांसमोर, कुशाबांसमोर, बोलून गेली. वाडीत तसा फोन एकच होता, अपेक्षाच्या दादाने, रितेशने, मुंबईहून आणलेला.

स्कूटर पायथ्याच्या उमरठ गावात लावून ती धापा टाकत वरच्या वाडीत पोचली.

“‘पोरीला मुंबईला कशाला?’ ह्योच बोलला व्हता!” कुशाबा गरजले. “बापाच्या घरात ऱ्हायचं नाय आता!”

“रितेश, गुरुवारी कुठे होतास?” अमिताने विचारलं.

“आयसंगं नाचणी कापत व्हतो. दिसभर.”

त्याच्या आईने, रंगूबाईंनी, मान डोलावली.

“आणि फोन?”

“पिशवीत. रोजच्यासारखा.”

वाडीत रेंज नव्हती. गुरं राखायची पाळी ज्या घराची, त्या घरचं माणूस सगळ्यांचे फोन पिशवीतून रेंज मिळणाऱ्या माळावर न्यायचं.

“लॉक?”

“कशाला? सगळी घरचीच मानसं.”

“अपेक्षा, ओटीपी तुझ्या नंबरवर येतो ना?”

“हो. पण माझा फोन बटणांचा हाय. त्यात साइट उघडत नाय.”

“तोही पिशवीतच होता?”

“हो,” अपेक्षा पुटपुटली.

“गुरुवारी पाळी कुणाची?”

“आमचीच,” कुशाबा म्हणाले. “पन मी बाजाराला गेल्तो...” ते अडखळले.

“चूक माझी,” अमिता म्हणाली. “एलवरून फोन कळतो, माणूस नाही. साइट रितेशच्या फोनवर उघडली, ओटीपी अपेक्षाच्या फोनवरून घेतला. दोन्ही फोन त्या दिवशी माळावर एकाच माणसाकडे होते. बाबा बाजारात, आई आणि दादा शेतात; अपेक्षा, गुरं घेऊन तूच गेली होतीस.”

अपेक्षा रडू लागली. “मला रक्त बघवत नाय, बाबा. तुमी गावभर पेढे वाटलेत. सांगू कसं?”

“आनि दादावर आळ आला तवा का बोलली नाय गो?” रंगूबाईंनी विचारलं.

कुशाबा मुलाकडे वळले. “पोरा, चुकलो रे.”

“बाबा, ताईंनी इचारलं, कुठं व्हतास,” रितेश म्हणाला. “तुमी एकदा तरी इचारलंत, केलंस का रे म्हणून?”

तो वाट उतरू लागला. कुशाबा अनवाणीच मागे धावले.