आठ पानांची दीना

कोल्हारची सिल्व्हिया पेशानं शिक्षिका, पण घरच्या साध्या प्रिंटरकडून ती काय करून घेईल याचा नेम नाही. फोटो उलटा छापून इस्त्रीनं पिशवीवर उतरवायची. जुन्या लुगड्याचा तुकडा कागदाला चिकटवून त्याच्यावर नावं छापायची. आणि तिची खास युक्ती म्हणजे एकच फोटो आठ पानांवर तुकड्यातुकड्यांनी काढायचा, कडा कापून खळीनं जोडायचा, की झालं माणसाएवढं माणूस भिंतीला उभं.

नाताळाआधीच्या शनिवारी दुपारी तिनं हीच युक्ती काढली. तिची सात वर्षांची एकुलती एक पोर, दीना, तीन दिवस तापानं फणफणली होती. आज ताप उतरला नाही तर नगरला हलवा, असं डॉक्टर बजावून गेले होते. उद्या संडेस्कूलच्या कार्यक्रमाला जाता येणार नाही म्हणून पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी सिल्व्हिया म्हणाली, "तू नाही तर तुझा फोटो उभा करू. अगदी तुझ्याएवढा." नवरा जस्टिन सुप्याला कंपनीत ड्यूटीवर होता. घरात दोघीच.

नेमके कोरे कागद संपलेले. दुकानात जावं तर पोरीपाशी कोण? मग तिनं कपाटातून पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला. मास्तरीणच ती, एका बाजूनं कोरा कागद टाकायचा म्हटलं की जिवावर यायचं. आता ते कागद कसले, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. महिन्यापूर्वी शेजारच्या बनुबाईंची नात मोनिका कालव्यात बुडाली. दीनाची जिवाभावाची मैत्रीण. तिच्या अंत्यविधीच्या उपासनेची पत्रकं सिल्व्हियानंच छापली होती. उरलेली द्यायला गेली तर म्हातारी म्हणाली, "तुज्याकडंच ठिव, बाई. मला न्हाई बघवत."

कागद तो कागद, असं मनाशी म्हणत तिनं गठ्ठा प्रिंटरात सरकवला.

आठ पानं निघाली. तिनं ती फरशीवर जुळवली. चर्चच्या पायरीवर दीना एकटी उभी, हसरी. इतक्यात प्रिंटरनं नववं पान ओढलं.

त्या पानावर एक लहानसा हात होता. पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी बोटं सुरकुतलेली. कडेला कड लावली तर तो हात दीनाच्या हातात बरोबर बसला. सिल्व्हियानं कॉम्प्युटरवर फोटो पाहिला. तिथं दीना एकटीच होती.

दहाव्या पानावर ओल्या फ्रॉकची बाही आली. खोलीत शेवाळाचा वास पसरला.

"मम्मी... किती राहिलं?" आतून दीनानं विचारलं.

"झालंच, बाळा. तू नीज."

"ती म्हणते, अजून दोन पानं... मग आम्ही जाऊ."

"कोण म्हणते?"



सिल्व्हियानं प्रिंटरची भिंतीतली पिन उपसली. अर्धवट आलेलं अकरावं पान टरकावून काढलं, फरशीवरचे कागद गोळा केले, उरलेला गठ्ठाही उचलला आणि परसातल्या पाण्याच्या बंबात सगळं कोंबून काडी लावली. "चुकलं माझं, मोना," ती पुटपुटत राहिली. "माझी पोर सोड... एवढी एकच आहे गं मला."

कागदांची राख झाली तशी ती धावत आत आली. दीनाच्या कपाळाला हात लावला. घामानं भिजलेलं, गार. ताप उतरला होता. श्वास संथ चालला होता. प्रभूचे किती आभार मानावेत तिला कळेना. ती खाटेवर बसून पोटभर रडली.

डोळे पुसले तेव्हा तिला दिसलं, पोरीचा डावा हात खाट आणि भिंत यांच्यामधल्या दोन बोटांच्या फटीत गेला होता. अवघडेल म्हणून तिनं तो अलगद वर ओढला. मनगट थोडं वर आलं.

मग खालून कुणीतरी तो हात ओढला. दोनदा, हलकेच, खेळायला बोलावताना पोरं ओढतात तसा.