भुरीने मान वर केली नाही

सूर्य टेकडीला टेकला तशी मायूने स्पीकरचं बटण दाबलं. "हुर्रर्र... हुर्र... ये ये ये..." अशी हाक माळभर घुमली, आणि काहीच झालं नाही.

रोज काय व्हायचं ते आधी सांगायला हवं. ही हाक ऐकली की भुरी, म्हणजे कळपाची म्होरकी मेंढी, चरता चरता मान वर करायची आणि गळ्यातली घंटा वाजवत तळाकडे, कळपाच्या मुक्कामाकडे, निघायची. तिच्यामागून अख्खा कळप. आज भुरीने फक्त एक कान हलवला, तोही माशी बसली म्हणून.

मायूने आवाज मोठा करून पुन्हा हाक वाजवली. मेंढरं चरतच राहिली.

दगडावर बसलेल्या सिदूआबांनी, तिच्या आजोबांनी, हात हलवून तिला थांबवलं. गेल्या वर्षी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली होती. तेव्हापासून ते कुजबुजल्यासारखंच बोलत. मायूने कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"ह्यो मी न्हवं," आबा म्हणाले.

"असं कसं? हितं तुमचंच नाव हाय की. सिदू कोळेकर, सांजची हाक."

"नाव माझं. गळा दुसऱ्याचा."

मायूने हाक पुन्हा लावली आणि शेवटपर्यंत नीट ऐकली. आबा हाकेच्या शेवटी आवाज जरा वर उचलून सोडून देत, गोफणीतून दगड सोडावा तसा. हा माणूस तर शेवटी आवाज खाली आणत होता. पण ही परकी हाक आबांच्या नावाखाली आली कुठून?

शस्त्रक्रियेच्या आधी मायूनेच आबांची हाक फोनवर घेतली होती आणि 'लोकध्वनी' या डिजिटल ग्रंथालयाला दिली होती. डिजिटल ग्रंथालय (पुस्तकं, चित्रं, आवाज अंकांच्या रूपात साठवून मागेल त्याला शोधून देणारं ग्रंथालय) म्हणजे काय, हे तिला शाळेत शिकवलं होतं. "आम्ही जपू," असं त्यांनी कळवलं, म्हणून तिने फोनमधली प्रत पुसून टाकली. परवा हाक भरून ठेवलेला जुना स्पीकर ओढ्यात पडला, तेव्हाही ती निर्धास्त होती. नवा स्पीकर आला, ग्रंथालयातून हाक उतरवून घेतली, झालं.

त्या संध्याकाळी मायूच्या चुलत्याने, तात्याने, कुत्री घेऊन धावपळ करत कळप गोळा केला. दोन मेंढ्या पार डांबरी रस्त्यावर गेल्या होत्या. घाम पुसत तो म्हणाला, "हाकेवर मेंढरं येत हुती तवर ठीक. आता त्यास्नी माझी हाक शिकवाय पायजे. पाडवा झाला की आबांना गावात सोडून येऊ. हितं बसून काय करतील?"

उभा जन्म आबांनी कळपामागे चालत काढला होता. त्यांनी नुसती काठी आडवी ठेवली आणि भाकरी न खाताच घोंगडं ओढून घेतलं.

मायूने ग्रंथालयाकडे तक्रार बोलून पाठवली. त्यातलं शेवटचं वाक्य असं होतं: "तुमी जपतो म्हनला आनि हरवून बसला, वर दुसऱ्याचा आवाज आमच्या आबांच्या नावावर खपवला, ह्याला आमच्यात चोरी म्हनत्यात."

सकाळीच तळावरची कुत्री भुंकू लागली. बोकडाएवढा, चार पायांवर चालणारा आणि पाठीवर सौरपट्टी मिरवणारा एक रोबो येत होता. हा 'जतन', तळातळांवर फिरून आवाज गोळा करणारा ग्रंथपाल. त्याच्यामागून पांढऱ्या केसांच्या मुजावर मॅडम चालत होत्या. लोकध्वनीची रचना त्यांनीच केली होती.

"नमस्कार," जतन म्हणाला. "आपल्या आजोबांची हाक सुरक्षित आहे. ऐकवू का?" आणि त्याने तीच परकी हाक वाजवली.

"ही आमची न्हाई."

"आहे. मी शब्द तपासले. हुर्र, हुर्र, ये, ये, ये. तंतोतंत."

"आनि मानूस?"

"बऱ्याच कळपांच्या हाका आल्या होत्या. सगळ्यांचे शब्द सारखे निघाले. म्हणून सर्वांत स्वच्छ आवाजाची एक ठेवली, बाकीच्या पुसल्या आणि त्या सगळ्या नावांपुढे हीच हाक जोडली. पुष्कळ जागा वाचली."

"मंजी उद्या वर्गात माझ्याच नावाची दुसरी मायाक्का आली की मला घरी धाडनार? जागा वाचंल की तेवढीच."

"तसा नियम नाही," जतन म्हणाला.

"मग हा नियम कुणी केला?"

"आमच्या समितीनं," मुजावर मॅडम म्हणाल्या. त्या सरळ जमिनीवर बसल्या. "माझीही सही आहे त्यावर. तू रागव, मायू. पण नियम कुठं चुकला ते समजून घेऊन रागव, म्हणजे तो आम्हाला दुरुस्त करता येईल."

आणि त्यांनी समजावून सांगितलं. ग्रंथालयात एकच फाइल कधी कधी चारदा येते. आज तू दिलीस, उद्या तात्यानं तीच दिली. अशा जास्तीच्या प्रती काढून टाकण्याला द्विरुक्ती-छाटणी म्हणतात. त्यासाठी यंत्र प्रत्येक फाइलचा अंकठसा काढतं (फाइलमधल्या एकूण एक अंकावर गणित करून मिळणारी छोटी खूण). माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखाच तो. फाइलमध्ये एक कण बदलला तरी ठसा बदलतो. दोन फाइलींचे ठसे जुळले, तर ती एकच वस्तू समजायची. मग एक प्रत काढली तरी काही बिघडत नाही.

"मग आबांचा ठसा दुसऱ्याशी जुळला?"

"नाही. जुळणारच नाही. पण जागा कमी पडायला लागली तेव्हा ठरलं की ठसा न बघता शब्द बघायचे. जतन आवाज ऐकतो, त्याचे शब्द लिहून काढतो आणि लिहिलेलं लिहिलेल्याशी ताडून पाहतो."

तेवढ्यात वाघरेत (कोकरांना कोंडायच्या जाळीच्या कुंपणात) गलका उठला. आया जवळ आल्या होत्या आणि दूध प्यायला आसुसलेली कोकरं ओरडत होती. मायूने तिकडे पाहिलं आणि ती ताडकन उठली.

"ए जतन, इकडं ये. हे कोकरू काय म्हनतंय ते लिही."

"बें," जतनने पडद्यावर लिहिलं.

"आनि ते काळं?"

"बें."

"त्या कोपऱ्यातलं?"

"बें."

"झालं तर. समदी एकच. आता एक चांगलं सोच्च बघून ठेव आनि बाकीची दे हाकलून. जागा वाचंल."

मग तिने वाघूर उघडली. कोकरं सुटली, एकच झुंबड उडाली. एक चुकार पिल्लू भलत्याच मेंढीला लुचायला गेलं, तिने त्याला ढुशी देऊन बाजूला सारलं. थोड्याच वेळात जे ते आपापल्या आईपाशी होतं.

जतनने पडद्यावरचे तिन्ही 'बें' पुन्हा ताडून पाहिले. "मी लिहिलं त्यात फरक नव्हता," तो म्हणाला. "त्यांना मात्र फरक कळला."

"कारण तू लिहिलंस तेव्हा सूर, लांबी, श्वास, सगळं गाळलंस," मॅडम म्हणाल्या. "आणि हाकेत तेवढंच तर कामाचं होतं. अर्थ शब्दांत नसेल, तर शब्द ताडून काय मिळणार?"

मायूचा राग अजून निवला नव्हता. "ते कळलं. आबांची हाक कुठाय?"

मॅडमनी अधिमाहिती (वस्तूची माहिती सांगणारी माहिती: कुणाची, कुठली, कशासाठी) उघडून दाखवली. नावापुढचे सगळे रकाने कोरे होते. मायूने घाईत ते भरलेच नव्हते. ती क्षणभर ओशाळली. मग म्हणाली, "पाटी कोरी हाय म्हनून माल फेकून देत्यात व्हय?"

"नाही. विचारायला हवं होतं," मॅडम म्हणाल्या. "आता ऐक. आम्ही प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती तीन गावी ठेवतो. दोन प्रती जाळ्याला जोडलेल्या असतात. एकीत पुसलं की दुसरीतही आपोआप पुसलं जातं. त्या गेल्या. तिसरी डोंगराच्या पोटातल्या कोठारात, कशालाच न जोडलेली. ती वर्षातून एकदा, पाडव्याला, नव्या यादीप्रमाणे बदलतात."

"पाडवा उद्या हाय," मायू म्हणाली.

"म्हणून तर तुझी तक्रार ऐकल्या ऐकल्या मी आधी तिथं फोन केला. कोठाराला कुलूप घालायला सांगितलंय. शोध चालू आहे."

दुपार सरता सरेना. आबांनी काठीला तेल लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. ऊन कललं तेव्हा जतनच्या पडद्यावर एक फाइल उमटली. मॅडमनी आधी तिचा अंकठसा पाहिला आणि मायूने फाइल दिली त्या दिवशी नोंदलेल्या ठशाशी ताडला. एकूण एक अंक जुळला.

"आधी तुझी वाजव," मायू जतनला म्हणाली. "ती सोच्च."

परकी हाक घुमली. मेंढरांनी ढुंकून पाहिलं नाही.

मग मायूने आबांची हाक लावली. शेवटी आवाज वर उचलला गेला आणि सुटला, गोफणीतून सुटावा तसा. भुरीची मान वर झाली. घंटा वाजली. माळावर पांगलेला कळप वळला, धूळ उडवत आला आणि स्पीकरला वळसा घालून पुढे गेला. भुरी थेट दगडावर बसलेल्या आबांपाशी थांबली आणि तिने त्यांच्या गुडघ्याला कपाळ घासलं.

तात्याने डोक्याचं मुंडासं सोडून पुन्हा बांधलं. "आबा," तो म्हणाला, "पाडवा झाला की पुढच्या मुक्कामाला कुठल्या वाटंनं जायचं म्हनता?"

मायूने रकाने भरायला घेतले. कुणाची हाक: सिदू कोळेकर. कशासाठी: सांजचं परत यायला. "कोणाला समजते?" असा रकाना नव्हता, तो तिने मॅडमना करायला लावला आणि त्यात लिहिलं: भुरीला.

"आनि बाकीच्यांच्या हाका?" तिने विचारलं. "त्यांचंबी कुनीतरी बोलवत असंल आनि मेंढरं येत नसतील."

"कोठारातून सगळ्या येतायत," मॅडम म्हणाल्या. "यापुढे ज्यानं दिलं त्याला विचारल्याशिवाय काही पुसायचं नाही, असा नवा नियम आजच करून घेते. आणि जतन, प्रत्येक हाक परत ठेवताना ती बरोबर आहे हे कसं ठरवशील?"

जतन वळला आणि दूर टेकडीखाली धूर दिसत होता त्या शेजारच्या तळाकडे चालू लागला. मायू धावत त्याच्या मागे गेली. तिथल्या कळपाजवळ पोहोचल्यावर त्याने कोठारातून आलेली त्यांची हाक वाजवली, पण लगेच 'बरोबर' अशी खूण केली नाही. तो तिथेच उभा राहिला आणि मेंढ्यांच्या मानांकडे बघू लागला.