प्रसादासोबतची गोळी

आबांच्या पोटरीवरची जखम भरत का नाही, हे कोडं गार्गीला सुटत नव्हतं. तिचा गुडघा फुटला की आठवड्यात खपली धरायची. आबांची जखम मात्र दिवाळीपासून तशीच, काळ्या कडांची. आणि रामनवमी तर महिन्यावर आलेली.

आबा म्हणजे गार्गीचे आजोबा, कीर्तनकार दिगंबरबुवा आठल्ये. देवरुखच्या राममंदिरातलं जन्माचं कीर्तन दरवर्षी त्यांचंच. यंदा ते होणार की नाही, हे त्या जखमेच्या हाती होतं. आबांची मूत्रपिंडं थकली होती. म्हणून घरचा यंत्रमानव दिवसाआड त्यांचं रक्त गाळून शुद्ध करायचा (यालाच डायलिसिस म्हणतात). चालताना तो वाजायचा, म्हणून आबांनी त्याचं नाव ठेवलं होतं झांजऱ्या.

"झांजऱ्या, रोज पट्टी बदलतोस, मग अडतंय कुठे?" गार्गीने विचारलं.

झांजऱ्याने पाण्याची किटली उघडली. तळाशी पांढरा थर होता.

"हा क्षार. आबांच्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत असाच थर बसलाय. अन्नातला जास्तीचा फॉस्फरस (हाडांना लागणारं एक मूलद्रव्य) निरोगी मूत्रपिंडं लघवीतून बाहेर टाकतात. आबांची टाकू शकत नाहीत. मग तो कॅल्शियमला धरून वाहिन्यांच्या भिंतीत साचतो. वाट अरुंद होते. रक्तच पोचलं नाही, तर जखम भरायला सामान कुठून येणार?"

"मग खरवडून काढ की!"

"काढतोय. माझे क्षारवेचे (रक्तात सोडलेले अदृश्य यंत्रकण) तेच करतात. पण थर पुन्हा बसतो. फॉस्फरसला पोटातच पकडून ठेवणारी गोळी आबा जेवताना न चुकता घेतात. मग हा येतो कुठून?"

तेवढ्यात शेजारच्या कुंदाकाकू दोन पेढे घेऊन आल्या. "बुवा, रामाला दाखवून आणलेत हं." आबांनी दोन्ही पेढे कपाळाला लावले आणि खाल्ले.

"आबा, गोळी?" गार्गीने विचारलं.

"अगं, गोळी खाण्याबरोबर. प्रसादाला खाणं म्हणतात होय?"

गार्गी बघतच राहिली. "असा प्रसाद रोज येतो?"

"पेढे, बर्फी, कधी खरवस. प्रेमाने आणतात, नाही कसं म्हणू?"

"आणि हे झांजऱ्याला सांगितलंत?"

"तो विचारतो, काय खाल्लंत? मी त्याला कधी खोटं सांगितलं नाही हो!"

झांजऱ्या खुळखुळला. "दुधात फॉस्फरस भरपूर, आटवलेल्यात तर आणखी दाट. आणि सोबत गोळी नाही!"

आबांनी बोटांना चिकटलेला पेढा पुसला. मग म्हणाले, "रामाचा प्रसाद मला बाधतो, असं म्हणायचं का मग?"

"रामाने कुठे पेढाच हवा म्हटलंय?" गार्गी म्हणाली. "खडीसाखर दाखवू या. झांजऱ्या, तिच्यात फॉस्फरस असतो?"

"नसल्यातच जमा."

आबांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "खरंय गं. देहही त्यानेच दिलाय. तो सांभाळणं हीसुद्धा सेवाच."

कुंदाकाकूंनी ही गोष्ट आळीभर केली. आबांच्या घरी खडीसाखर येऊ लागली.

रामनवमीपर्यंत जखम पुरती भरली नव्हती, पण तिच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. रक्त पोचू लागल्याची ती खूण. "कीर्तन बसून करा, जन्माला तेवढं उभं राहा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आबा जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर बसून गायले. भर दुपारी फुलं उधळली, पाळणा हलला, आणि झांजऱ्याचा हात धरून आबा उभे राहिले. गार्गीचे डोळे भरून आले.

"गावोगावच्या माझ्या यंत्रमानव भावंडांना मी निरोप धाडलाय," झांजऱ्या तिच्या कानात म्हणाला. "काय खाल्लंत, हे विचारून झालं की लगेच विचारा, आणि प्रसाद?"

गुरुजींनी आबांच्या हातावर चिमूटभर सुंठवडा ठेवला. तो कपाळाला लावून आबांनी दुसरा हात नातीपुढे केला.

"गार्गे, गोळी दे बघू."