इम्होफबाईंच्या नावाचं पत्र

"राजीनामा लिहा, नाहीतर पोलिसांना बोलावतो!" संचालक लूथी इम्होफबाईंवर गरजले. दार उघडंच होतं. बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं थबकली.

बर्नच्या त्या संस्थेत कोणता देश शस्त्रं कशी विकत घेतो, याची तुलना चाले. अहवाल उद्या संसदेच्या समितीपुढे जाणार होता. आणि आज एका तोफा बनवणाऱ्या कंपनीने आपल्याकडे आलेलं एक छापील जर्मन पत्र संस्थेला परत पाठवलं होतं. खाली नाव वेरेना इम्होफ: 'मला मोठी नोकरी द्या, अहवालात तुमचं कौतुक करते.'

अहवाल तपासणाऱ्या इम्होफबाईंनी खासगी गुप्तहेर उर्सिना काफ्लिशला बोलावलं. सोबत तिचा जाडजूड जोडीदार रेटो आला.

"रेटो, यातला 'मोठी' या अर्थाचा जर्मन शब्द बघ," उर्सिना म्हणाली.

"मधे शेपटीवाला 'बी' आहे. कादंबऱ्यांत असतो तसा. त्यात काय?"

"बघून ठेव. बाई, तुमच्यावर डूख कोणाचा?"

"जर्मनीचं प्रकरण लिहिणाऱ्या क्रोलसाहेबांनी त्यांच्या देशाचा खरेदीचा वेळ करारापासून मोजला, बाकी देशांचा सैन्याने मागणी केल्यापासून. म्हणून जर्मनी झटपट दिसते. गेल्या आठवड्यात मी ते बदलायला लावलं."

फ्रान्सचं प्रकरण लिहिणारा पिते देशाच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातल्या लोझानचा. "माझं जर्मन तिथल्या शाळेतलं, मोडकंतोडकं," तो फणकारला. "फ्रान्समध्ये एकच खातं खरेदी करतं. मग मला बाईंशी भांडायचं कारणच काय!"

क्रोल तर खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "आमच्याकडे प्रत्येक मोठा करार संसदेची समिती तपासते. तुमच्याकडे लढाऊ विमान घ्यायचं का, हे गवळीही मत देऊन ठरवतो!"

"ते उडतं त्याच्याच डोक्यावरून," उर्सिना म्हणाली. "तुमचा कीबोर्ड वेगळा दिसतो."

"जर्मनीतून, माझ्या कासेलहून आणलाय. तुमच्या कीबोर्डवर अक्षरंही पुरी नाहीत!"

उर्सिनाने सगळ्यांना लूथींच्या खोलीत जमवलं.

"हा शेपटीवाला 'बी' म्हणजे जर्मनीतला जोड 'स'. आपल्या देशात तो कोणी लिहीत नाही. आपण दोन 'एस' लिहितो. शाळेत तेच शिकतो, लोझानमध्येही."

"पण कादंबऱ्या?" रेटोने विचारलं.

"त्या जर्मनीत छापतात, अरे! आपल्या कीबोर्डवर हे अक्षरच नाही. इथे ते फक्त एका कीबोर्डवर आहे."

"मला अडकवायला कोणीतरी मुद्दाम लिहिलं!" क्रोल ओरडला.

"मग तुमचं सोडून खाली इम्होफबाईंचं नाव कशाला घालील? अकरा वर्षं इथे राहिलात क्रोलसाहेब, रस्त्याची पाटीसुद्धा कधी नीट वाचली नाहीत. तिच्यावरही दोन 'एस'च असतात."

क्रोलची मान खाली गेली.

लूथी खाकरले. "इम्होफबाई, उद्या समितीपुढे तुम्हीच बोला. झालं गेलं..."

"बोलेन. पण मला चोर ठरवताना दार उघडं होतं, साहेब. माफीही दार उघडूनच मागा."

लूथींनी दार उघडलं. "माफ करा," ते पुटपुटले.

"ऐकू आलं नाही," इम्होफबाई म्हणाल्या.