हातमोज्यांचं माप

पालघरच्या बाजारात रामाचं चपलांचं दुकान होतं. थंडीतल्या एका सकाळी, धुकं अजून रस्त्यावरच रेंगाळत असताना, दुकानासमोर एक फटफटी खडीवरून घसरली. रामाची मुलगी जमना शिवण टाकून धावली. पडलेला तरुण आपल्या सोलवटलेल्या तळव्यांकडे पाहत बसला होता.

"माणूस पडला की आधी हात टेकतो," त्यांवर पाणी ओतत ती म्हणाली. "हातात काय तरी घालायचं ना..."

"घातलेलं की." लोकरीच्या मोज्यांच्या चिंध्या बोटांना लोंबत होत्या.

तो शिरगावचा पुंडलिक. त्याची आई, गोजराबाई, याच बाजारात मासळी विकायची. तारापूरला वीजघर बांधणाऱ्या ठेकेदाराचं टपाल तो फटफटीवरून पोचवायचा.

"चामड्याचे शिवून देऊ?" जमनाने विचारलं. रामाची नजर मंदावल्यापासून शिवण तीच करायची.

जखमा भरल्यावर तो माप द्यायला आला. कागदावर हात ठेवून तिने एकेका बोटाभोवती पेन्सिल फिरवली... इतकी सावकाश, की तो श्वास घ्यायलाच विसरला.

मोजे तयार झाले. तिने ते उलटसुलट पाहिले.

"तळव्याला दुहेरी चामडं पायजे. रविवारी या."

रविवारी तिला बोटांच्या सांध्यांवर आत कापसाची गादी हवीशी वाटली. मग शिवणीच्या कडा बाहेर घ्यायच्या ठरल्या, आत टोचायला नकोत म्हणून. मग मनगटाला पट्टा.

"तो कशाला?"

"पडताना मोजा निसटला, तर काय उपयोग?"

"मी परत पडावं असं वाटतं तुला?"

"नाय." ती खाली पाहत पट्टा आवळत राहिली. बाहेर उन्हात धुकं विरत होतं, आणि तिची बोटं त्याच्या मनगटावर गरजेपेक्षा जरा जास्तच थांबली होती.

"जमना... मोजे केव्हाच नीट झालेत ना?"

तिने पट्टा सोडला. मग हळूच म्हणाली, "दुहेरी चामडं लावलं, तवाच."

"मलापण तवाच कळलेलं."

"तरी येत राहिलात?"

"म्हणूनच आलो."

ती हसली. मग तिचा चेहरा उतरला. "आमी चांभार. तुमच्या घरी चालंल?"

"आईला विचारलं. आधी बोललीच नाय माझ्याशी. जेवायला वाढायची, पण बोलायची नाय." त्याने हातातला मोजा काढला. "काल म्हणाली, पोरीला म्हावरं निवडता येतं का?"

"नाय येत."

"तेच सांगितलं मी."

"मग...?"

"म्हणाली, शिकवीन. पण आधी बघू तर दे."

जमनाने हातातला दाभण खाली ठेवला. पदराला हात पुसले, केस सारखे केले. आत वळून ती म्हणाली, "बाबा, जरा दुकानाकडे बघा. मी मासळीबाजारात जाऊन येते."