एक्केचाळीस नंबरचं मशीन

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी इस्पितळाच्या संगणक विभागात आहे आणि आमच्याकडे जे बिघडतं त्याला काही ना काही कारण सापडतंच.

तेव्हा माझ्या गळ्यात एक किचकट काम पडलं होतं. कुठला प्रोग्रॅम तळघरातल्या कुठल्या मशीनवर चालतो, त्याचा नकाशा काढायचा. नुसते चौकोन आणि बाण. तो नकाशा एआय एजंटला, म्हणजे स्वतःहून कामं उरकणाऱ्या प्रोग्रॅमला, द्यायचा आणि ज्या मशीनकडे एकही बाण जात नाही, ते त्याने रविवारी दुपारी चार वाजता बंद करायचं. ऐकायला सोपं. पण आमच्याकडे लिहून ठेवायची पद्धतच नव्हती, सगळं विभागातल्या जुन्याजाणत्या अण्णांच्या डोक्यात. जुन्या नोंदींत जागोजागी एवढंच: 'बंद करण्याआधी अण्णांना विचारा, फोन १०७.' आणि अण्णांना देवाघरी जाऊन वर्ष झालं होतं.

एक्केचाळीस नंबरच्या मशीनकडे महिनाभर कुठलाही प्रोग्रॅम फिरकला नव्हता. मी 'वापरात नाही' असा शेरा मारला. अण्णांची जुनी ओळ खाली तशीच राहिली. कोण वाचतंय, म्हटलं.

रविवारी दुपारी मी वरच्या मजल्यावर ताईजवळ बसले होते. तिचं बाळ सातव्या महिन्यातच झालेलं, काचेच्या पेटीत ठेवलेलं. मुठीएवढं तोंड. खोलीत औषधाचा वास, पडदे ओढलेले, आणि पेटीची बारीक घरघर. ताईचा डोळा लागला होता. मग ती घरघर ऐकता ऐकता मला वाटलं, काहीतरी कमी झालंय... काय ते कळेना.

तेवढ्यात घंटा वाजली. नर्स धावत आली, पेटीत हात घालून तिने बाळाच्या तळव्याला टिचक्या मारल्या. एक, दोन, तीन... आणि बाळ किरकिरलं.

"श्वास घ्यायचं विसरलं होतं हो," ती घाम पुसत म्हणाली. "घंटा वाजली म्हणून. अण्णांनी बसवलेली, तळघरातल्या मशीनवर. महिन्याभरात आज पहिल्यांदा वाजली."

महिन्याभरात. मला एक्केचाळीस नंबर आठवला. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून सहा मिनिटं झाली होती.

तळघराचा जिना मी कसा उतरले, आठवत नाही. आत गारठा, धुळीचा वास, पंख्यांची घुंघुं. एक्केचाळीसचा हिरवा दिवा चालू होता. मी तिथेच फरशीवर बसले आणि पोटभर रडले. इतकं सुटल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग एजंटची नोंदवही उघडली. तीन अठ्ठावन्नची ओळ: 'क्र. ४१ बंद केले नाही. अण्णा नको म्हणाले. बाळांची घंटा यावर आहे.'

मी लिहिलं, "कुणाला विचारलंस?"

"अण्णांना. नोंदीत तशी सूचना होती."

"कुठे?"

"फोन १०७."

तो फोन कोपऱ्यातल्या खोक्यात होता. वर्षापूर्वी त्याची वायर काढून, गुंडाळून मीच ठेवला होता. खोक्यावरची चिकटपट्टी मी लावली तशीच होती...

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. "रजेवर असतानाही फोन उचलायचा बिचारा अण्णा," ते म्हणाले. "बाळ वाचलं ना? मग उगाच खोदत बसू नकोस."

मीही खोदलं नाही. त्याच आठवड्यात ती घंटा नव्या मशीनवर हलवली, तीनदा वाजवून पाहिली, आणि नकाशात ठळक बाण काढला. पुढच्या महिन्यात ताई बाळाला घरी घेऊन गेली. आता ते माझा चष्मा ओढतं, आणि मी खुशाल ओढू देते.

एक्केचाळीस रिकामं झालं, तेव्हा ते बंद करायचं म्हणून मी एजंटला नकाशा नव्याने काढायला लावला. एक्केचाळीसकडे आता एकही बाण जायला नको होता. पण एक होता. त्याच्या दुसऱ्या टोकाला एजंटने नवा चौकोन काढला होता आणि आत लिहिलं होतं, 'अण्णा. या मशीनवर चालू.'

 मी 'चालू ठेवा' दाबलं आणि तळघरातला दिवा न मालवता वर आले.