पाकिटातली यादी

बर्फाच्या यंत्रापाशी तिने त्याला गाठलं. गाठलं म्हणजे चक्क वाट अडवली. तिला असा माणूस हवा होता की ज्याचा तिच्या लॅबशी काडीचाही संबंध नाही, आणि शेजारच्या लॅबमधला हा विस्कटलेल्या केसांचा मुलगा नेमका बर्फ न्यायला आला होता.

काम तसं सोपं. उंदरांच्या मेंदूच्या दोनशे चाळीस काचपट्ट्या. निम्म्या उंदरांना तिचं औषध दिलेलं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. पट्टीवरच्या पेशी ती मोजणार, पण कुठली पट्टी कुणाची हे तिला कळता कामा नये; नाहीतर मन आपल्या सोयीने मोजतं. म्हणून त्याने खुणा झाकून नुसते क्रमांक चिकटवायचे आणि यादी पाकिटात बंद करून स्वतःकडे ठेवायची.

"आणि मी फितूर झालो तर?"

"चेहऱ्यावरून वाटत नाही तुम्ही तसे," ती म्हणाली... आणि उगीचच बर्फाकडे बघत राहिली.

सूक्ष्मदर्शकाची खोली अंधारी, बिनखिडकीची. तिचा डोळा भिंगाला, मग आकडे लिहिणार कोण? जेवणाच्या सुट्टीत तोच येऊ लागला. बसायचा मात्र तिच्या पाठीमागे, आपल्या चेहऱ्यावरून तिला काही कळू नये म्हणून. तिसाव्या पट्टीपर्यंत अहो-जाहो गळून पडलं. ती त्याला 'तिजोरी' म्हणायची. आज जरा किलकिली हो ना, म्हणून लाडीगोडी लावायची. तो म्हणायचा, बिजागरी गंजलीय. मग हसण्यात मोजणी चुकायची आणि पहिल्यापासून मोजावं लागायचं. तिची काही तक्रार नव्हती.

पीएचडीचं चौथं वर्ष सरत होतं. दर रविवारी बाबा फोनवर विचारायचे, संपत आलं का गं? आलंच, ती म्हणायची. औषध लागू पडलं तर खरंच संपणार होतं. नाहीतर नवं औषध, नवे उंदीर, आणखी दोन वर्षं.

दीडशेच्या पुढे कधीतरी तो गप्प झाला. मागून फक्त पेनची खरखर. थट्टा केली तरी "हं" एवढंच. त्यातच कुणीतरी सांगितलं की त्याला दुसऱ्या गावी नोकरी लागलीय. तिने मनाशी ताडलं, कंटाळला बिचारा. ती आकडे सांगत राहिली, आणि त्या अंधारात तिला फार एकटं वाटायचं.

पाकीट उघडलं त्या दिवशी सकाळपासून पाऊस रटाळपणे पडत होता. तो पाकीट घेऊन आला, आणि तिच्या मार्गदर्शक मॅडमनी यादी आणि आकडे संगणकावर जुळवले. दोन्ही बाजू सारख्या, तसूभरही फरक नाही. मॅडम म्हणाल्या, मोजणी चोख आहे, औषध कुचकामी. तसंच लिही, सोमवारपासून दुसरं औषध घे. आणि त्या गेल्या.

ती पडद्याकडे बघत बसली. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. यादी त्यानेच केली होती, आणि आकडेही तोच लिहीत होता.

"तुला कधी कळलं?" तिने त्याला विचारलं.

"दीडशेच्या आसपास."

"आणि तरी रोज येऊन बसायचास..."

"सांगितलं असतं तर तुझी सगळी मोजणी फुकट गेली असती. आणि न येणं... ते काही मला जमेना."

तेव्हा मात्र ती रडली, अगदी हुंदके देऊन. त्याने हाताशी होता तो भिंग पुसायचा कागद पुढे केला. त्यात थेंबभर पाणी मुरेल तर शपथ! दोघांनाही हसू आलं, आणि ते फार टिकलं नाही. त्याची गाडी परवाची होती. नोकरीवर तो महिन्यापूर्वीच हजर व्हायचा होता.

"पुढच्या वेळचं पाकीटही ठेवशील?" तिने विचारलं. "तिकडे... पोस्टाने पाठवीन."

"नको. ते दुसऱ्या कुणाकडे दे."

तिने तो कागद मुठीत चुरगळला.

"तुझ्यापासून काही लपवणं आता मला जमायचं नाही," तो म्हणाला. "आकडे लिहायला येईन. दर शनिवारी. पण या वेळी तुझ्याशेजारी बसेन."

त्या संध्याकाळी तिने रविवारची वाट न बघता बाबांना फोन लावला. संपलं नाही, म्हणाली, अजून दोन वर्षं लागतील. बाबांनी विचारलं, "एकटीच आहेस का गं तिथे?"

"नाही, बाबा," ती म्हणाली.